आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा: फाइल राहू दे, आधी फॉर्म बघा

मुलगी न्यू जर्सीत, आईवडील सांगलीत. व्हिसाचा फॉर्म मुलगी रात्री जागून भरते, फी जावई भरतो, तारीख दोघं मिळून शोधतात आणि सांगलीला निरोप येतो, ‘अमुक दिवशी मुंबईला जायचंय, कागदपत्रं लावून ठेवा.’ मग बाबा फाइल लावायला बसतात. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, पेन्शनचं पासबुक, तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, मुलीच्या पगाराच्या स्लिपा, लग्नातले फोटो. आणि प्रत्यक्षात खिडकीमागचा अधिकारी चार प्रश्न विचारतो, फाइलला हातही लावत नाही आणि दोन-तीन मिनिटांत निकाल सांगतो. बाहेर आल्यावर बाबांची तक्रार ठरलेली: ‘काही बघितलंच नाही हो त्याने!’

त्याने बघितलेलं असतं. तुम्ही खिडकीशी पोचता तेव्हा त्याच्या समोरच्या स्क्रीनवर तुमचा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा तो ऑनलाइन फॉर्म, उघडा असतो. कुठे जाणार, किती दिवस, खर्च कोणाचा, मुलगी तिथे कशाच्या आधारे राहते, हे सगळं तुम्ही त्याला आधीच लिहून दिलेलं आहे. तो विचारतो ते हे लिहिलेलं आणि तुम्ही बोलता ते जुळतं का, हे पाहायला. अडचण एवढीच की लिहिलेलं असतं मुलीने आणि बोलायचं असतं आईबाबांना, ज्यांनी तो फॉर्म अनेकदा पाहिलेलाही नसतो. म्हणून मेहनत फाइलवर कमी आणि फॉर्मवर जास्त करा. इथे मी फक्त फिरायला किंवा नातेवाईकांना भेटायला जाणाऱ्यांच्या बी१/बी२ व्हिसाबद्दल लिहितोय. विद्यार्थी आणि नोकरीवाल्यांचे नियम वेगळे.

क्रम असा. आधी ऑनलाइन डीएस-१६०. मग अपॉइंटमेंटच्या संकेतस्थळावर प्रोफाइल करून फी भरायची. जून २०२३ पासून या व्हिसाच्या अर्जाची फी १८५ डॉलर आहे, पण भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर दिसेल तोच आकडा खरा धरा. ही अर्जाची फी आहे, व्हिसाची नव्हे. नकार मिळाला तरी ती परत मिळत नाही. फी भरल्यावर दोन तारखा घ्यायच्या: एक बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची, जे केंद्र कॉन्सुलेटपेक्षा वेगळ्या जागी असतं, आणि दुसरी मुलाखतीची. भारतात दिल्लीची वकिलात आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद इथली कॉन्सुलेट, असे पाच पर्याय आहेत. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या हद्दीत येतात, पण तारीख लवकर मिळत असेल तर दुसरं शहर घेता येतं.

फॉर्म भरायला बसताना

फॉर्म अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सीईएसी या संकेतस्थळावर आहे. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ असलंच पाहिजे. त्याच रंगाची, तोच गरुड मिरवणारी खाजगी दुकानं इंटरनेटवर भरपूर आहेत. ती फॉर्म भरून देण्याचेच पैसे घेतात. खऱ्या संकेतस्थळावर फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत.

सुरुवातीलाच एक अर्ज क्रमांक मिळतो, ‘एए’ने सुरू होणारा. तो लगेच कागदावर उतरवून ठेवा, सोबत निवडलेला सुरक्षा प्रश्न आणि त्याचं उत्तरही, स्पेलिंगसकट. सुमारे वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही की पान बंद पडतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. कपाटातून जुना पासपोर्ट शोधून आणेपर्यंत वीस मिनिटं सहज होतात. त्यामुळे प्रत्येक पानावर सेव्ह करत जायचं. अर्धवट फॉर्म साधारण तीस दिवस पुन्हा उघडता येतो. त्यासाठी अर्ज क्रमांक, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि त्या सुरक्षा प्रश्नाचं उत्तर लागतं.

ही सोय फार कामाची आहे. मुलीने न्यू जर्सीत फॉर्म भरून सेव्ह करावा, सही मात्र करू नये. मग सांगलीत आईबाबांनी तोच फॉर्म लॅपटॉपवर उघडायचा, व्हिडिओ कॉलवर मुलीला घ्यायचं आणि पानापानाने वाचायचं. शेवटचं ‘साइन अँड सबमिट’चं बटण ज्याचा अर्ज त्यानेच दाबायचं असतं, असा नियमच आहे. दुसऱ्याने भरायला मदत केली तरी सही अर्जदाराची. शिवाय फॉर्ममध्ये प्रश्न असतो, तुम्हाला कोणी मदत केली का? मुलीने भरला असेल तर ‘हो’ आणि तिचं नाव. यात लाजण्यासारखं काही नाही. खोटं ‘नाही’ मात्र उगीच लिहू नका.

नावाचं पान

पहिल्याच पानावर मराठी घरं अडतात. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहायचं, हा मूळ नियम. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि पासपोर्टवर ते बहुधा पहिल्या नावासोबतच छापलेलं असतं. म्हणजे सुनंदा वसंत कुलकर्णी यांच्या पासपोर्टवर आडनाव कुलकर्णी आणि ‘गिव्हन नेम’मध्ये सुनंदा वसंत असं असेल, तर फॉर्ममध्येही तसंच. मधल्या नावासाठी वेगळा रकाना शोधत बसू नका.

मग प्रश्न येतो, याआधी दुसरं नाव वापरलं होतं का? इथे काकू पटकन ‘नाही’ म्हणतात. पण सुनंदाबाईंच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर शालिनी दत्तात्रय पाटणकर असं नाव असतं, कारण लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदललेलं. आता ते नाव चाळीस वर्षांत कोणी हाकही मारलेलं नसलं तरी फॉर्मच्या दृष्टीने ते ‘दुसरं नाव’च. तिथे ते पूर्ण लिहायचं. पुढे वडिलांचं नाव विचारतात तेव्हा मधल्या नावातला वसंत डोळ्यासमोर असतो, म्हणून गोंधळ होतो. तिथे माहेरचे वडील दत्तात्रय पाटणकर यायला हवेत. त्यांची जन्मतारीख ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ची खूण करायची सोय आहे. अंदाजाने तारीख ठोकू नका.

याच पानावर एक रकाना मातृभाषेच्या लिपीत पूर्ण नाव मागतो. बाकी अख्खा फॉर्म इंग्रजी अक्षरांत, पण इथे चक्क देवनागरीत टाइप करायचं. मराठी कीबोर्ड नसेल तर शेजारी खूण करून रकाना सोडताही येतो.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि खरी तारीख श्रावणातली कुठलीशी, असे आजीआजोबा घरोघरी आहेत. पासपोर्टवर १ जून असेल तर फॉर्मवर १ जून आणि खिडकीवरही १ जून. ‘खरं म्हणजे…’ अशी सुरुवात तिथे करू नये.

जे विसरलं जातं

सगळ्या फॉर्ममध्ये मला सर्वांत जपून द्यावंसं वाटतं ते उत्तर एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचं आहे: तुमच्यासाठी कोणी कधी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का? मामी म्हणतात, छे, आम्ही कुठे तिकडे राहायला जातोय. पण अमेरिकन नागरिक झालेल्या भावाने वीस वर्षांपूर्वी बहिणीसाठी ग्रीन कार्डचा अर्ज टाकलेला असतो. भावंडांच्या त्या रांगेत भारतीयांचा नंबर यायला इतकी वर्षं लागतात की घरात सगळे विसरून जातात. अमेरिकन सरकारची फाइल विसरत नाही. ‘हो’ लिहून कोणी, कधी केला हे सांगितलं तर अधिकारी त्यावर प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर देता येतं. ‘नाही’ लिहिलं आणि त्याला नोंद सापडली, तर प्रकरण खोटी माहिती दिल्याच्या सदरात जाऊ शकतं, आणि त्याची शिक्षा कायमची प्रवेशबंदी इथपर्यंत आहे. म्हणून फॉर्म भरण्याआधी अमेरिकेतल्या प्रत्येक भावाबहिणीला एक फोन करा. पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला होता का, हा प्रश्नही तसाच. १९९८ चा नकारसुद्धा नकारच.

अमेरिकेतल्या जवळच्या नातेवाइकांच्या रकान्यात मुलं आणि भावंडं येतात, आणि प्रत्येकाचा तिथला दर्जाही लिहायचा असतो: नागरिक, ग्रीन कार्डवर, की एच-१बीसारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. मुलगा तिकडे आहे म्हटलं तर व्हिसा मिळणार नाही, या भीतीने काहीजण हे गाळतात. मुलाकडे राहण्याचा पत्ता देऊन मुलालाच गाळायचं, हे कसं जमतं कोण जाणे.

नोकरीच्या पानावर ‘निवृत्त’, ‘गृहिणी’, ‘शेती’ हे पर्याय आहेत. निवृत्तांना शेवटच्या नोकरीचा तपशील मागतात: हुद्दा, पत्ता, तारखा, साहेबाचं नाव, काम काय होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं असेल तर तसं लिहा. ‘सरकारी नोकरी’ एवढं पुरत नाही. सैन्यात होता का, या प्रश्नाला सातारा-कोल्हापूरकडच्या पुष्कळ काकांचं उत्तर ‘हो’ असतं. मग दल, हुद्दा आणि वर्षं द्यायची. डिस्चार्ज बुक जवळ ठेवूनच ते पान उघडा.

गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांत गेलात, तेही लिहायचं. टूर कंपनीबरोबर केलेलं भूतान आणि नेपाळ मोजायला विसरू नका. पासपोर्टवर शिक्का नसला तरी तो परदेशच. २०१९ पासून समाजमाध्यमांवरची खाती आणि पाच वर्षांत वापरलेले फोन नंबर व ईमेलही मागतात. यादीतून फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब असं निवडून आपलं वापरकर्ता नाव द्यायचं. सुविचार टाकण्यापुरतं फेसबुक असलं तरी ते खातंच आहे.

‘तुम्ही एखाद्या टोळीचे किंवा कुळाचे आहात का’ असाही एक प्रश्न आहे. तिथे गोत्र आणि कुलदैवत आठवू नये. बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. शेवटच्या सुरक्षेच्या पानांवर तर दहशतवाद, हेरगिरी, वेश्याव्यवसाय, सगळं ओळीने विचारतात. आजी ते ऐकून खवळतात. सगळ्यांनाच विचारतात, रागवू नका. फक्त ‘नाही, नाही’ करत न वाचता पुढे जाऊ नका, कारण मधेच अटक झाली होती का, पूर्वी परवानगीपेक्षा जास्त दिवस राहिलात का, असे खरे प्रश्नही येतात.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. स्टुडिओवाल्याला ‘यूएस व्हिसा’ म्हटलं की पुण्या-मुंबईत कळतं. गावाकडे मापं लिहूनच द्या, नाहीतर तो पासपोर्टचाच फोटो काढतो.

सबमिट झाल्यावर बारकोडचं पुष्टिपत्र येतं, ते छापून घ्या. त्याबरोबर पूर्ण अर्जाची प्रतही छापून ठेवा, ती मुलाखतीच्या तयारीसाठी. नंतर चूक सापडली तर सबमिट केलेला फॉर्म दुरुस्त होत नाही, नवा भरावा लागतो. नवा भरलात तर अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये नवाच क्रमांक आला पाहिजे. जुन्या क्रमांकावर तारीख आणि हातात नवा कागद, अशाने दारातून परत पाठवतात.

तारीख आणि एजंट

तारीख मिळवणं हे चिकाटीचं काम आहे. नव्या तारखा मधूनच सुटतात आणि कोणी रद्द केलेल्याही परत दिसतात. या टंचाईवर एजंटांचा धंदा चालतो. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन वकिलातीने बॉट, म्हणजे आपोआप तारखा पकडणारे प्रोग्राम, वापरून घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि ती खाती गोठवली. एजंटला पासवर्ड देताना हे लक्षात असू द्या. जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच मोफत बदलता येते. त्यानंतर बदलायची झाली किंवा दिवस चुकला, तर पुन्हा फी. त्यामुळे घरातलं लग्न, मोतीबिंदूचं ऑपरेशन वगैरे बघूनच दिवस पक्का करा.

पूर्वी ऐंशीच्या घरातल्यांना मुलाखत माफ असायची. २०२५ च्या शरद ऋतूपासून ती सवलत जवळपास बंद झाली. आता माफी मुख्यतः ज्यांचा पूर्ण मुदतीचा बी१/बी२ संपून बारा महिने झालेले नाहीत अशांनाच, आणि तिथेही अधिकारी बोलवू शकतो.

बीकेसीतला दिवस

मुंबईचं कॉन्सुलेट २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ज्यांच्या आठवणीत ब्रीच कँडीचं लिंकन हाउस आहे, त्यांनी रिक्षावाल्याला बीकेसीच सांगावं. बाहेरगावच्यांनी आदल्या दिवशी मुंबईत पोचावं. ठशांची तारीख मुलाखतीच्या आधीची असते. बोटांना मेंदी असेल किंवा कापलं असेल तर ठसे उमटायला त्रास होतो, तेव्हा लग्नघरातून थेट जाणं टाळा.

मुलाखतीला आत मोबाइल, स्मार्टवॉच, लॅपटॉप, मोठी बॅग काही चालत नाही. सोबत आलेल्या मुलाला किंवा भाच्याला बाहेर थांबावं लागतं, फोन त्याच्याकडेच द्या. बाहेर ‘फोन ठेवतो’ म्हणणारे भेटतात, त्यांची जबाबदारी कॉन्सुलेट घेत नाही. आत फोन नाही म्हणजे मुलीचा नंबर, तिचा पत्ता, कंपनीचं नाव पाठ हवं किंवा कागदावर हवं. हे साधं वाटतं, पण आता कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो. जवळ ठेवायचं: चालू पासपोर्ट, जुने पासपोर्ट, पुष्टिपत्र, अपॉइंटमेंटचं पत्र, एक फोटो. बाकी फाइल न्या, पण पातळ न्या. मुलीने पाठवलेलं निमंत्रणपत्र या व्हिसाला सक्तीचं नाही.

मुलाखत उभ्याउभ्या, काचेपलीकडून होते. मुंबईत मराठीत बोलता येतं. इंग्रजी अडखळत असेल तर सुरुवातीलाच ‘मराठी’ म्हणा, त्याने काही बिघडत नाही. चेन्नई-हैदराबादला मात्र मराठीची खात्री धरू नका.

अधिकारी मनात एकच गोष्ट घेऊन उभा असतो. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी) सांगतं की येणारा माणूस तिथे राहायलाच येतोय असं गृहीत धरा, आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. अर्थात सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. आता हे संभाषण बघा. ‘अमेरिकेत कुठे?’ ‘मुलीकडे.’ ‘ती काय करते?’ ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे.’ ‘किती दिवस राहणार?’ ‘ती म्हणेल तेवढे दिवस.’ काकांच्या दृष्टीने हे प्रेमळ उत्तर आहे. अधिकाऱ्याच्या दृष्टीने फॉर्मवर तीन महिने लिहिणाऱ्या माणसाला परत कधी यायचंय तेच माहीत नाही. त्याऐवजी: ‘न्यू जर्सीला, एडिसनमध्ये. मुलगी २०१८ मध्ये शिकायला गेली, आता एच-१बीवर आहे, एका बँकेच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तीन महिने राहणार, दिवाळीच्या आधी परत.’ कशाला परत, असं विचारलं तर जे खरं आहे तेच: इथे घर आहे, पेन्शन इथे जमा होते, धाकटा मुलगा इथे असतो, सोयाबीन काढायला यावंच लागतं. हे बोललेलं पुरतं. कागद मागितला तरच काढायचा. न विचारता फाइल काचेला चिकटवली की वेळ त्यातच जातो.

नातवंडाच्या जन्माला जाणाऱ्यांना इथे हमखास अडकायला होतं. बाळंतपणाला आईने जाणं आपल्याला जगातली सर्वांत स्वाभाविक गोष्ट वाटते, आणि नातेवाइकांना भेटायला जाणं या व्हिसात बसतंही. पण ‘दोघं नोकरीला जातात, डे-केअर महाग आहे, म्हणून बोलावलंय’ असं निघालं की अधिकाऱ्याला ते कामाला जाणं वाटू शकतं. आधी आई सहा महिने, मग सासूबाई सहा महिने, हा आपला पाळ्यांचा हिशोब त्याला चांगला ठाऊक असतो. बाळ होणार आहे हे लपवू नका. पण घरच्यांनीही आधी स्वतःशी नीट ठरवावं की भेटायला बोलावतोय की वर्षभराची सोय लावतोय. वर्षभराची सोय लावण्यासाठी हा व्हिसा नाही.

व्हिसा मिळाला तर पासपोर्ट ते ठेवून घेतात. पासपोर्ट लगेच परत दिला आणि २१४(बी)चा कागद हातात पडला तर तो नकार. त्यावर अपील नसतं, पुन्हा अर्ज करता येतो, नव्या फीसकट. पण परिस्थितीत किंवा फॉर्ममध्ये काहीच बदललं नसेल तर दुसरा अधिकारीही बहुधा तेच म्हणेल. २२१(जी)ची चिठ्ठी वेगळी: एखादा कागद हवाय किंवा तपास बाकी आहे. संकेतस्थळावर त्याचीही स्थिती ‘रिफ्यूज्ड’ दिसते, म्हणून रडारड होते. चिठ्ठीवर काय मागितलंय ते वाचा आणि तेवढंच पाठवा.

पासपोर्ट हातात आला की स्टिकरवरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे तपासा. चूक असेल तर तिकीट काढण्याआधी कळवायची. भारतीयांना हा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा मिळतो. त्याचा अर्थ दहा वर्षं राहता येईल असा नव्हे. किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत, आणि ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसते. पोचल्याच्या आठवड्यातच मुलीला ती नोंद उघडून तारीख बघायला लावा आणि परतीचं तिकीट तिच्या आधीचं आहे ना, तेही.